पहिली गिटार, पहिले वर्ष : प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या सांगीतिक जीवनात गिटारला आजवर मानाचे पान मिळालेले नाही. येथील कान घडला तो हार्मोनियम, तबला, टाळ, मृदंग आणि खंजिरी यांच्या सहवासात. महात्मा गांधी १९३६ साली शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास आल्यानंतर तेथे रुजलेली सर्वधर्मप्रार्थना, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव नेलेली खंजिरी भजने आणि आजही गणपती-नवरात्रात रात्र जागवणारी भजनी मंडळे यांनी या प्रदेशाची सुरांची व ठेक्याची समज घडविली आहे. गिटार या साऱ्यांच्या मागून, चित्रपटगीतांच्या आणि अलीकडे मोबाइलच्या वाटेने आली. तरीही हिंगणघाट, आर्वी, पुलगाव वा देवळी येथील दहावी-बारावीच्या वयाच्या मुलामुलींना एखादे वाद्य स्वतःहून शिकावेसे वाटते तेव्हा ते वाद्य पुष्कळदा गिटारच असते, आणि मग घरात दोन प्रश्न उभे राहतात : कोणती गिटार घ्यावी आणि शिकायला सुरुवात कशी करावी.

हे दोन प्रश्न सामान्यतः वेगवेगळे मानले जातात. पहिल्याचे उत्तर दुकानदाराकडे आणि दुसऱ्याचे शिक्षकाकडे आहे, असा समज असतो. प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी की हे दोन्ही मुळात एकच प्रश्न आहेत. गिटार सोडून देणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्या काही महिन्यांतच सोडतात, आणि त्याचे खापर त्यांच्या आळसावर किंवा ‘सुरांची जाण नाही’ या सरसकट शेऱ्यावर फोडले जाते. प्रत्यक्षात त्यांच्या हाती आलेल्या वाद्याच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच असतात, की जाणत्या वादकालाही त्या दाबताना कष्ट पडावेत. वाद्य हाताला जुळले नाही तर शिक्षण सुरूच होत नाही, आणि शिक्षणाची सुरुवात कानात असलेल्या संगीतापासून झाली नाही तर जुळलेले वाद्यही भिंतीला टेकून राहते.

निवडीकडे वळण्यापूर्वी गिटार या नावाखाली आपल्याकडे दोन वेगळी वाद्ये नांदत आली आहेत, हे ध्यानात घेणे इष्ट ठरेल. आज ज्यांची साठी उलटली आहे अशा अनेक श्रोत्यांच्या मनात गिटार म्हटले की मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार उभी राहते. या पद्धतीच्या उगमाचे श्रेय हवाई बेटांतील जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९४०च्या दशकात टाऊ मो या हवाईयन वादकाचे कुटुंब कलकत्त्यात राहिले, आणि तेथून या वाद्याची गोडी भारतभर पसरण्यास मोठा हातभार लागला. कांडी सरकवून वाजविल्यामुळे या गिटारवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता जाणे, सहज साधते, आणि त्यामुळेच ती भारतीय कानाला परकी वाटली नाही. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्यासारख्या वादकांनी तिच्यावर वाजविलेली चित्रपटगीते घराघरांत ऐकली गेली. अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा यांनी तिला रागसंगीताच्या मैफलीत आणले, आणि १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अफाट लोकप्रिय झाली. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हा याच वेलीचा विस्तार असून ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांना व राय कूडर यांना १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

दुसरी गिटार ती स्पॅनिश. छातीशी उभी-तिरपी धरून, डाव्या हाताच्या बोटांनी तारा पडद्यांवर दाबून आणि उजव्या हाताच्या बोटांनी किंवा नखीने छेडून ती वाजविली जाते. गोव्यातील ख्रिस्ती घरांत, मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत दिसते ती हीच. आजचा नवशिका जी मागतो तीही हीच, आणि पुढील सारे विवेचन तिच्यापुरते मर्यादित आहे. हवाईयन गिटारकडे नव्या पिढीने फिरवलेली पाठ ही मात्र खेदाची गोष्ट आहे, कारण भजनाच्या चाली वाजवू इच्छिणाऱ्याला ती कदाचित अधिक जवळची वाटली असती.

स्पॅनिश गिटारची रचना सतार जाणणाऱ्यास अनोळखी वाटण्याचे कारण नाही. खालच्या पोकळ पेटीवर, म्हणजे बॉडीवर, घोडी बसविलेली असते. तेथून निघालेल्या सहा तारा मानेवरून वर जातात, मानेच्या टोकाशी असलेल्या नट नावाच्या खाचेदार पट्टीतून पार होतात आणि खुंट्यांना गुंडाळल्या जातात. नट आणि घोडी यांमधील तारेची लांबी ही वाद्याची स्वरलांबी होय. स्पेनमधील वाद्यकार आंतोनिओ दे तोर्रेस यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केलेल्या घडणीत ती सुमारे ६५ सेंटिमीटर असून आजच्या बहुतेक मोठ्या गिटारची स्वरलांबी त्याच्याच आसपास असते. मानेवर आडव्या बसविलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, अर्थात पडदे. सतारीप्रमाणे ते सरकविता येत नाहीत, आणि सप्तकाचे बारा समान भाग पडावेत अशा हिशेबाने ते कायमचे ठोकलेले असतात. या हिशेबाप्रमाणे बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि तेथे मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. सहा तारा जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई या स्वरांत लावतात. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. घरात हार्मोनियम असेल तर गिटार लावण्यासाठी दुसऱ्या साधनाची गरज पडू नये. मात्र पेटी स्वतः सुरात हवी, आणि जुन्या पेट्यांबाबत ती खात्री देता येत नाही.

नवशिक्यापुढे निवड असते ती मुख्यतः नायलॉनच्या तारांची गिटार आणि पोलादी तारांची गिटार या दोहोंत. पहिलीला क्लासिकल म्हणतात, दुसरीला बाजारात नुसते अकूस्टिक म्हणण्याचा प्रघात आहे. पोलादी तारांचा नेहमीचा संच पूर्ण सुरात लावला असता मानेवर आणि घोडीवर मिळून सुमारे ७० किलोचा ताण पडतो, तर नायलॉनच्या संचाचा ताण ४० किलोच्या आसपास असतो. कोवळ्या बोटांना नायलॉनची तार सुसह्य वाटते ती यामुळे आणि तिच्या मऊ पृष्ठभागामुळे. परंतु क्लासिकल गिटारची मान नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते, पोलादी तारांच्या गिटारची ४३ मिलिमीटरच्या जवळपास, आणि लहान हाताला ही रुंदी अडचणीची ठरते. म्हणून ‘मुलांसाठी नायलॉन, मोठ्यांसाठी पोलाद’ हा दुकानात ऐकू येणारा नियम आंधळेपणाने स्वीकारू नये. ज्याला बोटांनी एकेक तार छेडून धून वाजवायची आहे त्याने नायलॉन घ्यावे; ज्याला गाण्याला साथ करायची आहे, समूहात आवाज पोहोचवायचा आहे, त्याने पोलादी घ्यावी आणि तारा मात्र बारीक, ज्यांना एक्स्ट्रा लाइट म्हणतात त्या, लावून घ्याव्यात. आठ-दहा वर्षांच्या मुलांना पूर्ण आकाराची गिटार देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी ३६ इंची किंवा त्याहून लहान वाद्ये मिळतात. विजेवरची गिटार बोटांना सर्वांत सौम्य असते, पण तिच्यासोबत अॅम्प्लिफायरचा खर्च येतो आणि घरातील इतरांच्या सहनशीलतेचाही विचार करावा लागतो.

या साऱ्यापेक्षा महत्त्वाची बाब एक आहे, आणि विक्रीच्या वेळी तिचा उल्लेख क्वचितच होतो. तार आणि पडदा यांमधील अंतराला अॅक्शन म्हणतात. बाराव्या पडद्यापाशी सर्वांत जाड तारेचे हे अंतर पोलादी गिटारवर अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि नायलॉनच्या गिटारवर साडेतीन ते चार मिलिमीटरपर्यंत असावे. कारखान्यातून थेट खोक्यात भरून आलेल्या स्वस्त वाद्यांत ते पाच-पाच मिलिमीटर आढळते. मोजण्यासाठी शाळेच्या कंपासपेटीतील पट्टी पुरेशी आहे. फक्त तिचे शून्य टोकापासून किंचित आत असते, तेवढे अंतर हिशेबात धरावे लागते. दुसरी परीक्षा नटची. तार तिसऱ्या पडद्याशी दाबून धरावी आणि पहिल्या पडद्यावर ती किती अधांतरी राहते ते पाहावे : तेथे कागद सरकेल एवढीच फट दिसली पाहिजे. फट मोठी असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत, आणि मग पहिल्या तीन पडद्यांवर, म्हणजे नवशिक्याचा सारा वावर जेथे असतो नेमक्या तेथेच, तार दाबायला दुप्पट जोर लागतो आणि दाबल्यावर ती चढी बोलते. तिसरी परीक्षा कानाची : बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोटाचा नुसता स्पर्श करून छेडले असता जो घंटेसारखा स्वर येतो, तो आणि त्याच पडद्यावर तार दाबून आलेला स्वर हे तंतोतंत मिळाले पाहिजेत. ते मिळत नसतील तर ते वाद्य कोणत्याही शिक्षकाच्या हातून सुरात वाजणार नाही, आणि विद्यार्थ्याचा कान मात्र बिघडेल.

अॅक्शन उतरविणे, खाचा योग्य खोलीच्या करणे, मानेतील ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ओढीने मान वाकू नये म्हणून आत बसविलेली पोलादी सळई, किल्लीने जुळविणे, या सर्वांना मिळून सेटअप म्हणतात. जाणत्या कारागिराचे हे तासा-दोन तासांचे काम असते. सध्याच्या बाजारात तीन हजारांच्या आसपासची गिटार सहज मिळते आणि आठ-दहा हजारांत नामांकित कंपनीची. या दोन टोकांमध्ये निवड करताना ऐपत पाहावीच, पण जी रक्कम ठरविली असेल तिच्यातील काही भाग सेटअप, तारांचा एक जादा संच आणि जाड अस्तराची पिशवी यांसाठी बाजूला काढून उरलेल्या पैशांत वाद्य घ्यावे. नीट जुळविलेली साधी गिटार ही न जुळविलेल्या महागड्या गिटारपेक्षा नवशिक्याला अधिक उपयोगी पडते, याविषयी वादक आणि वाद्यकार यांच्यात फारसा मतभेद आढळत नाही. पोलादी तारांच्या ज्या गिटारमध्ये ट्रस रॉडच नाही ती, किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी, टाळावी.

लाकडाविषयी दुकानदार आणि जाहिराती भरभरून बोलतात. पेटीच्या दर्शनी फळीसाठी स्प्रूस हे शीत प्रदेशातील सूचिपर्णी लाकूड उत्तम मानले जाते. महाग वाद्यांत ही फळी अखंड असते, स्वस्त वाद्यांत पातळ थर चिकटवून केलेली, म्हणजे प्लायची. अखंड फळीचा नाद वर्षांगणिक खुलतो हे खरे, परंतु हवेतील फेरबदलांनी तडकते तीही तीच. वर्ध्यासारख्या ठिकाणी पहिल्या वाद्यापुरती थरांची फळी अधिक सुरक्षित आहे. या संदर्भात एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. जगातील नामवंत गिटार कंपन्या पेटीच्या पाठीसाठी, बाजूंसाठी आणि मानेवरील पट्टीसाठी जे लाकूड वापरतात त्यांत भारतीय शिसवाचे स्थान फार वरचे आहे. अमेरिकेतील मार्टिन या जुन्या कंपनीने १९६९ मध्ये ब्राझिलच्या शिसवाऐवजी नियमितपणे भारतीय शिसव वापरण्यास सुरुवात केली. २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. आपल्या जंगलांत वाढणारे लाकूड परदेशी गिटारच्या अंगावर मिरवत असताना येथील नवशिक्याच्या हाती येणाऱ्या वाद्याची पट्टी मात्र पुष्कळदा काळा रंग फासलेली असते, आणि घामेजल्या बोटांना तो रंग लागतो.

वर्ध्याच्या हवेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण गिटारविषयीची बहुतेक मार्गदर्शक पुस्तके समशीतोष्ण देशांत लिहिली गेली आहेत. लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यानची आर्द्रता मानवते. या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा करकरीत कोरडी होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब असते. कोरड्या हवेत लाकूड आकसते, मानेच्या कडेला पडद्यांची टोके बाहेर डोकावून हाताला बोचू लागतात आणि दर्शनी फळी किंचित खाली बसून तारा पडद्यांवर घासल्यासारख्या खडखडतात. पावसाळ्यात फळी फुगून वर येते आणि अॅक्शन वाढते. त्यामुळे मार्चमध्ये सुरेख वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये अवघड वाटू लागली तर दोष विद्यार्थ्याच्या सरावात शोधू नये.

यात भर पडते ती विदर्भातील घरोघरच्या कूलरची. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ओल्या ताट्यांतून हवा ओढणारा हा कूलर खोली थंड करतो तो हवेत पाण्याची वाफ मिसळूनच. दुपारभर कूलर चालू असताना खोलीत दमटपणा असतो आणि तो बंद होताच तासाभरात पुन्हा कोरडी झळ शिरते. दिवसातून दोन-तीनदा होणारा हा चढउतार लाकडाला आणि सरसाला संथ ऋतुबदलापेक्षा जास्त जाचतो. कूलरच्या झोतात उभी ठेवलेली, किंवा पत्र्याच्या छताखालील माळ्यावर टाकलेली, किंवा दुपारी उन्हात उभ्या मोटारीत राहिलेली गिटार एका उन्हाळ्यात घोडीपाशी उचकटलेली दिसते. उपाय साधा आहे : वाजवून झाल्यावर गिटार पिशवीत बंद करून, घरातील मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावी आणि एप्रिल-मे महिन्यांत बराच काळ वाजवायची नसेल तर तारा थोड्या सैल कराव्यात. भिंतीवर शोभेसाठी टांगलेली गिटार छायाचित्रात छान दिसते, एवढेच.

खरेदी कोठे करावी, याला या जिल्ह्यापुरते सरळ उत्तर नाही. निवडीला वाव हवा असेल तर नागपूर गाठावे लागते, आणि रेल्वेने ते अंतर तासा-दीड तासाचे आहे; मुंबईत फुर्टाडोससारखी १८६५ पासूनची दुकाने आहेत, पण पहिल्या गिटारसाठी तेवढा प्रवास कोणी करीत नाही. म्हणून घरपोच मागविण्याकडे कल वाढला आहे, आणि त्यात गैर काही नाही, मात्र परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी वर सांगितलेल्या तीन परीक्षा घरी करून पाहाव्यात. जुनी गिटार विकत घेणे हा दुर्लक्षित पण चांगला मार्ग आहे : सहा महिन्यांत हौस फिटलेल्यांची वाद्ये शहरांत पुष्कळ असतात, घोडीच्या मागे फळीला फुगवटा नाही, मान पिळवटलेली नाही आणि घोडी फळीला घट्ट चिकटलेली आहे, एवढे पाहून घ्यावे. खरी उणीव आहे ती कारागिरांची. महाराष्ट्रात मिरजेला तंतुवाद्यनिर्मितीची मोठी परंपरा असून तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. विदर्भात पेटी दुरुस्त करणारे आणि तबल्याला शाई भरणारे हात आहेत, परंतु गिटारच्या नटवर कानस चालविणारा हात शोधावा लागतो. तंतुवाद्याची समज असलेल्या एखाद्या होतकरू सुताराने हे काम शिकून घेतले, तर त्याला कामाचा तुटवडा पडू नये.

आता शिकण्याविषयी. गिटारच्या प्रचलित अभ्यासक्रमांची सुरुवात इंग्रजी स्वरनामे, पाच रेघांची स्वरलिपी आणि परभाषेतील बालगीते यांनी होते, आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनसारख्या संस्थांच्या श्रेणीपरीक्षा द्यावयाच्या असतील तर तो मार्ग चोखाळावाच लागतो. पण ज्या विद्यार्थ्याने लहानपणी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक किंवा प्रवेशिका परीक्षा दिली आहे, किंवा जो भजनी मंडळात टाळ धरून वाढला आहे, त्याच्या जवळ असलेले भांडवल या पद्धतीत वाया जाते. त्याने एकच तार घ्यावी, मोकळ्या तारेला षड्ज मानावे आणि त्याच तारेवर दोन, चार, पाच, सात, नऊ, अकरा व बारा या क्रमांकांच्या पडद्यांवर बोट ठेवीत जावे : रे, ग, म, प, ध, नी आणि तार षड्ज ओळीने मिळतात. मधले वगळलेले पडदे म्हणजे कोमल स्वर आणि तीव्र मध्यम. पंधरा मिनिटांत समजणाऱ्या या एका गोष्टीमुळे पाठ असलेली कोणतीही चाल शोधून काढता येते, आणि वाद्य परके राहत नाही. महाराष्ट्रातील संगीतशिक्षकांनी हा धडा पहिल्या दिवशी द्यावा, अशी आग्रहाची सूचना येथे करावीशी वाटते.

त्यानंतर कॉर्ड. कॉर्ड म्हणजे किमान तीन निरनिराळे स्वर एकत्र वाजवून होणारा स्वरसमूह. आपल्या संगीतात एकावेळी एकाच स्वराची वाट चालण्याची परंपरा असल्यामुळे ही कल्पना नवी वाटते, पण तिचे गणित सरगमच्या भाषेत नेमके मांडता येते. सा-ग-प ही पहिली कॉर्ड, म-ध-सा ही दुसरी आणि प-नी-रे ही तिसरी; या तिहींत मिळून सातही शुद्ध स्वर येऊन जातात, आणि म्हणून बिलावल थाटातील साध्या चालींपैकी पुष्कळशा या तीनच कॉर्डवर पेलल्या जातात. पांढरी एक हा षड्ज धरला तर गिटारच्या परिभाषेत त्या सी, एफ आणि जी होत. यांपैकी एफसाठी पहिल्या पडद्यावर एकच बोट आडवे टाकून अनेक तारा दाबाव्या लागतात, तिला बार कॉर्ड म्हणतात, आणि नवशिक्यांची पहिली मोठी गळती येथेच होते. म्हणून आरंभी पांढरी पाच हा षड्ज धरून जी, सी आणि डी या मोकळ्या तारांच्या कॉर्ड घ्याव्यात. कॉर्ड बदलताना सर्व बोटे उचलून पुन्हा ठेवण्याची सवय लागू देऊ नये. उदाहरणार्थ, ए मायनरमधून सी कॉर्डवर जाताना तर्जनी (तारा बारीक तारेपासून मोजता) दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर आणि मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर जागच्या जागी राहते; तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावरील अनामिका तेवढी पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर न्यायची असते. अशा जोड्या ओळखणे हाच पहिल्या तीन महिन्यांचा खरा अभ्यास होय.

गायकाच्या पट्टीशी जुळवून घेण्यासाठी कॅपो नावाचा चिमटा वापरतात. तो मानेवर ज्या पडद्याशी लावावा तेथून पुढे सर्व तारा तेवढ्या स्वरांनी चढतात. भजन काळी एकमध्ये असेल तर पहिल्या पडद्याशी कॅपो लावून सी कॉर्डचीच बोटे ठेवावीत. मंडळातील पेटीवाल्याला पट्टी विचारावी आणि कॅपो त्याप्रमाणे सरकवावा, इतका हा व्यवहार सोपा आहे. ठेक्याच्या बाबतीत तर येथील विद्यार्थी आधीच पुढे असतो. स्ट्रमिंग, म्हणजे नखीने सर्व तारांवरून हात खालीवर फिरविणे, हे चार-चारच्या पाश्चात्त्य मापात शिकविले जाते. केरव्याच्या आठ मात्रा ज्याच्या अंगात आहेत त्याने पहिल्या मात्रेवर खाली जाणारा ठळक आघात आणि पाचव्या, म्हणजे खालीच्या, मात्रेवर हलका आघात ठेवला की हेच माप हाती येते. दादऱ्याच्या सहा मात्रांचेही तसेच. खंजिरीवर बसलेला हात गिटारवर लयीला चुकत नाही.

या जुळणीला मर्यादाही आहेत. गिटारचे पडदे समान अंतरांच्या गणिताने ठोकलेले असल्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो; हार्मोनियमविरुद्ध जे आक्षेप घेतले गेले आणि ज्यांमुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये त्या वाद्याला दार बंद केले व ते १९७१ मध्ये काही अटींवर उघडले, त्यांपैकी बरेच आक्षेप गिटारलाही लागू पडतात. कॉर्डमुळे काही राग झाकोळतात, हेही मान्य करावे लागेल. भैरवीचे तेवढे सुदैवाने वेगळे आहे : पांढरी तीन हा षड्ज धरला तर गिटारची सहावी व पहिली तार मोकळीच षड्जात आणि दुसरी पंचमात लागलेली असते, चारही कोमल स्वर साध्या पडद्यांवर सापडतात, आणि मोकळ्या तारा छेडीत राहून वरच्या तारांवर चाल वाजविली की तंबोऱ्याचा भास होतो. भजनाचा शेवट भैरवीने करण्याची रीत पाळणाऱ्या मंडळांत गिटारला जागा मिळावयाची असेल तर ती येथून मिळेल.

सरावाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. डाव्या हाताच्या बोटांची टोके पहिले दोन-तीन आठवडे दुखतात, मग घट्टे पडतात आणि दुखणे थांबते; या काळात रोज वीस मिनिटे वाजविणे हे रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा फलदायी ठरते, कारण घट्टे आणि बोटांची सवय ही दोन्ही खंड सहन करीत नाहीत. बोट पडद्यावर न ठेवता पडद्याच्या लगत मागे ठेवावे, म्हणजे कमी जोरात स्वच्छ स्वर निघतो. मोबाइलवरील दृक्‌फितींतून शिकता येते, पण मनगट कोठे वाकते आहे हे दृक्‌फीत सांगू शकत नाही. महिन्यातून दोनदा का होईना, जाणत्या माणसाने हात पाहिला पाहिजे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या ज्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली, तिने हाताच्या कामातून बुद्धीचे शिक्षण व्हावे असा आग्रह धरला होता. त्या परिषदेपुढे अर्थातच सूत आणि तकली होती, गिटार नव्हती; तथापि स्वरशास्त्राची पुस्तके आधी आणि वाद्य नंतर, असा क्रम लावणाऱ्या वर्गांनी आपल्याच गावातील त्या विचाराकडे एकदा पाहावयास हरकत नाही.

शेवटी मुहूर्ताचा प्रश्न. जिल्ह्यातील बहुतेक गिटार एप्रिल-मे महिन्यांत, परीक्षा संपल्यावर, उन्हाळी शिबिरांच्या निमित्ताने घेतल्या जातात. लाकूड सर्वाधिक आकसलेले आणि बोटे घामाने निसरडी असतात तो हाच काळ, आणि त्या कोरड्या हवेत जुळविलेली अॅक्शन पहिल्याच पावसाळ्यात बदलते. सुट्टीत शिकायचेच असेल तर कोणाची तरी गिटार उसनी घ्यावी. स्वतःची गिटार पावसाळा सरल्यावर घ्यावी : दसरा आणि दिवाळीचा पाडवा हे साडेतीन मुहूर्तांपैकी दोन मुहूर्त नेमके त्याच हवेत येतात, तेव्हा केलेला सेटअप होळीपर्यंत टिकतो, आणि शिकणाऱ्याच्या हाती सलग चार-पाच महिने लागतात.